तबकडीकाकांची वही

कल्याणच्या एका गृहस्थांनी सीडी लॅमिनेट करून आणली होती. महत्त्वाचा कागद लॅमिनेट करावा असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं, आणि बायकोच्या मेंदूच्या एमआरआयपेक्षा महत्त्वाचं घरात दुसरं काय असणार? चारी बाजूंनी छान कडा सोडून गोल सीडी चौकोनी प्लास्टिकमध्ये बसवलेली. "कंप्युटरमध्ये जातच नाही हो," म्हणत त्यांनी ती माझ्या काउंटरवर ठेवली. मी पेन पाडायचं निमित्त करून खाली वाकले ती वर येईना. तेवढ्यात आतून तबकडीकाका आले. त्यांनी ती वस्तू दोन्ही हातांनी उचलून ट्यूबलाइटकडे धरली, उलटसुलट करून पाहिली आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "पहिला प्रश्न. घरी वीज आहे का?"

माणूस असा होता. आणि या माणसाची नोकरी गेली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांची भरपूर टर उडवणार आहे, तुम्हीही हसाल, आणि मग शेवटी माझीच पंचाईत होईल.

माजिवड्याच्या नाक्याजवळ आमचं स्कॅन सेंटर आहे. सीटी, एमआरआय, सोनोग्राफी, सगळं एका छताखाली. मी रिसेप्शनला, आणि काका माझ्या मागच्या खोलीत, म्हणजे पूर्वी जिथे झाडू आणि फिनेल ठेवायचे तिथे. त्यांचं काम दोन ओळींचं. स्कॅन झाला की त्याची चित्रं सीडीवर उतरवून पेशंटला द्यायची. ती सीडी पुढे कुणाकडे चालली नाही की फोनवर बोलायचं. बाकी जगाने सीडी केव्हाच टाकून दिली, लॅपटॉपवाल्यांनी तर तिची जागासुद्धा बुजवली, पण मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर अजून "सीडी आणली का?" असंच विचारायचे. त्या एका वाक्यावर काकांची नोकरी उभी होती.

सीडीला ते सीडी म्हणायचे नाहीत. तबकडी म्हणायचे. ड्राइव्हला यंत्र. आतल्या भिंगाला डोळा. मला ताई. मी तेव्हा तेवीस वर्षांची आणि ते साठीला टेकलेले, तरी "अहो ताई, आपण जरा त्या गृहस्थांना बसायला सांगता का?" असं बोलायचे. आमच्या कळव्यात एवढ्या आदराने फक्त वर्गणी मागतात. पहिल्या महिन्यात मला वाटलं हे माझी खेचतायत. नंतर कळलं की ते कॅन्टीनच्या मांजरालाही "आपण" म्हणतात.

त्यांचे सात प्रश्न होते आणि ते क्रमाने विचारायचे. वीज आहे का? तार घट्ट बसली आहे का? तबकडी कोणत्या बाजूने ठेवली आहे? ट्रे पूर्ण आत गेला का? दिवा लुकलुकतो का? आवाज येतो का, आणि येत असेल तर टकटक की घरघर? आणि सातवा, "बिघडण्याआधी आपण काय केलं होतंत?" फोन करणारा आधीच वैतागलेला असायचा. पलीकडून शिव्या ऐकू यायच्या. काका त्या शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे आपलं. तर, वीज आहे का?" एकदा एका सर्जनलाही त्यांनी हेच विचारलं. सर्जन म्हणाले, तुम्हाला माहितीये का मी कोण आहे? काका म्हणाले, हो, म्हणूनच विचारतो, आपल्याकडे बटणं दुसरं कोणीतरी लावत असेल. आणि खरंच, मल्टिप्लगचं बटण बंद निघालं. त्या दिवशी काका जेवणाच्या डब्यासमोर बसून एकटेच हसत होते. मला तर त्यांचा तेव्हा राग आलेला, कारण सर्जनने परत फोन करून माझ्यावर आवाज चढवला होता.

स्टेथोस्कोपचं सांगायलाच हवं. सोनोग्राफीच्या खोलीत एक जुना पडून होता, तो यांनी मागून घेतला. ड्राइव्ह कुरकुरला की कानांत नळ्या घालून कंप्युटरच्या पोटाला लावायचे आणि डोळे मिटायचे. बाहेर पेशंट बसलेले. त्यांना दारातून दिसायचं की आत एक म्हातारा कंप्युटर तपासतोय. एका आजींनी मला हळूच विचारलेलं, "हे मोठे डॉक्टर का गं?" मी बोलले, हो, यांची अपॉइंटमेंट मिळत नाही.

पण ऐकू यायचं त्यांना. घरघर असेल तर सांगायचे, तबकडीवर कोणीतरी स्टिकर चिकटवलाय, ती डुगडुगतेय. टकटक असेल तर डोळ्यावर धूळ आहे, वाचायला धडपडतोय बिचारा. ट्रे अडकला तर खिशातून सरळ केलेली पेपरक्लिप काढायचे आणि पुढच्या बारीक भोकात घालून हळूच दाबायचे, की ट्रे जीभ काढल्यासारखा बाहेर. ती पेपरक्लिप त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असायची. बाकी लोक तिथे पेन ठेवतात.

पेनाशी तर त्यांचं हाडवैर. तबकडीवर बॉलपेनने नाव लिहिलं की वरचा चकचकीत थर ओरखडतो आणि खालची चित्रं जातात. तबकडीचा नाजूक भाग खाली नसतो, वर असतो, हे त्यांनी मला आल्या आल्या सांगितलं, मग दर आठवड्याला सांगितलं. माझ्या काउंटरवर बॉलपेन दिसलं की ते उचलून ड्रॉवरमध्ये टाकायचे आणि मार्कर ठेवायचे. सह्या करायला पेशंट मार्कर वापरायचे. आमच्या सेंटरच्या फॉर्मवर सगळ्यांच्या सह्या पुढाऱ्यांसारख्या दिसायच्या.

तबकडी पुसायची तर मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल गोल कधीच नाही, कारण गोल ओरखडा पडला की यंत्राला वाचता येत नाही. ठीक आहे, मान्य. पण हा माणूस चष्मा असाच पुसायचा. टेबल असंच पुसायचा. डबा धुताना बेसिनपाशी उभं राहून पाहिलंय मी, तळापासून काठाकडे, तळापासून काठाकडे, मागे तिघं रांगेत.

आणि अकरा मिनिटं. या अकरा मिनिटांनी आख्ख्या सेंटरला छळलं. सीडी लिहायला पाच मिनिटं लागायची. ती लिहून झाली की दुसरा कोणीही माणूस ती पाकिटात घालून देईल. काका ती परत पहिल्यापासून वाचायला लावायचे, एकेक चित्र नीट उतरलंय का बघायला. पडताळणी. सगळं मिळून अकरा मिनिटं. पेशंटचा नातेवाईक काउंटरवर बोटं वाजवतोय, बाहेर रिक्षा थांबलीये, मी कसनुसं हसतेय, आणि आतून काकांचा आवाज, "लिहिलं म्हणजे पोचलं असं होत नाही. वाचून बघावं लागतं." हे वाक्य मी तीन वर्षांत इतक्यांदा ऐकलं की एकदा झोपेत बोलले, असं माझी बहीण सांगते.

आमचा मॅनेजर घोडबंदरचा, माझ्याहून चारेक वर्षांनी मोठा. त्याला प्रत्येक गोष्ट फास्ट हवी असायची, स्वतः यायचा मात्र अकराला. तो म्हणायचा, "काका, क्या लगा रखा है? वो टिक काढून टाका ना, व्हेरिफायची. आधा टाइम वाचेल." काका म्हणायचे, "आणि चित्र नाही उतरलं तर?" मॅनेजर म्हणायचा, "तर परत येईल ना पेशंट." काका म्हणायचे, "तो आजारी आहे हो." मग मॅनेजर माझ्याकडे बघून डोळे फिरवायचा आणि मीही फिरवायचे. तिसरं वर्ष लागलं तरी मी प्रोबेशनवरच होते. मॅनेजरने डोळे फिरवले की आपणही फिरवावे, एवढी अक्कल मला होती.

आता वही. जाड, लाल पाठीची, हाताने रेघा मारलेली. तारीख, तक्रार, कारण, उपाय. जगातला जो कोणी सीडी चालत नाही म्हणून फोन करेल त्याची एक ओळ. "ट्रे उघडत नाही. कारण, लहान मुलाने बिस्किट ठेवले. उपाय, क्लिप." "यंत्र दिसत नाही. कारण, लॅपटॉपमध्ये यंत्र नाहीच." त्यापुढे उपायाच्या रकान्यात "सांत्वन". त्या कल्याणच्या गृहस्थांपुढे लिहिलेलं, "तबकडी अतिसुरक्षित."

डोंबिवलीचे एक जण आले होते. त्यांनी सीडी गॅलरीत टांगली होती, कबुतरं पळवायला. वर्षाने डॉक्टरने जुना स्कॅन मागितला तेव्हा उतरवून आणली. काकांनी सातवा प्रश्न विचारला आणि जोडून पुढे, बाहेर होती का ही? गृहस्थ ठाम, "छे हो, कपाटातच होती, रुमालात गुंडाळून." त्या सीडीच्या मधल्या भोकात सुतळीचा तुकडा होता आणि एका बाजूला कबुतराने आपलं मत नोंदवलेलं. काकांनी मान डोलावली, ते गेल्यावर वही उघडली आणि लिहिलं, "बाहेर टांगली होती का? आठवत नाही म्हणाले."

मला राहवलं नाही. मी बोलले, "काका, धडधडीत खोटं बोलला तो. खोटं बोलला असं लिहा ना."

"ताई, ही वही यंत्राच्या बिघाडाची आहे," काका म्हणाले.

"अहो पण सुतळी..."

"आजारी माणसाच्या घरातून आलेत ते. नसेल आठवत."

मग मी वही चाळली. पानोपानी तेच. पाणी सांडलं का, आठवत नाही. पडली का, आठवत नाही. बॉलपेनने लिहिलं का, आठवत नाही. ठाणे जिल्ह्यात एवढी विसराळू माणसं राहतात हे मला त्या दिवशी कळलं.

ते जेवायला गेले की कधीकधी मी वहीत ओळ भरायचे. एकदा "घरघर" लिहायच्या जागी "टकटक" लिहिलं आणि खोडलं. काकांनी परत आल्यावर ते पाहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. "खाडाखोड झाली की शेजारी सही करायची. उद्या कोणी विचारलं तर कोणी बदललं ते कळायला हवं." मी बोलले, काका, ही वही तुमच्याशिवाय कोण बघणारे? ते म्हणाले, "तरी." मी सही केली. मार्करने.

वर्षातून एकदा ते सुट्टी घ्यायचे, दसऱ्याला. दीक्षाभूमीला जायचे, नागपूरला. जाऊन येऊन तीन दिवस. येताना पिशवीभर पुस्तकं आणायचे. आम्हालाही द्यायचे एकेक, मी घ्यायचे आणि वाचायचे नाही. आणि दसऱ्याला सेंटरमध्ये असायची पूजा, सगळ्या मशीनची. झेंडू, आंब्याची पानं, हळदकुंकू, अक्षता. त्या वर्षी जाण्याआधी काकांनी कंप्युटरवर चिठ्ठी चिकटवली, सुवाच्य अक्षरात, मार्करने. "पूजा बाहेरून करावी. ट्रे उघडू नये. तांदूळ आत गेल्यास यंत्र बिघडते."

आदल्या वर्षी एका कंप्युटरच्या पंख्यात झेंडूची पाकळी गेलेली, म्हणून ती चिठ्ठी. सरळ साधी गोष्ट. मॅनेजरने ती वाचली आणि हसला. "काकांना आपली पूजा चालत नाही, समजलं ना?" तो बोलला. "लेकिन रोजी-रोटी तर त्या ट्रेमधूनच निघते. आतून कर तू. त्यांच्यासाठी आपण का थांबायचं?"

त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलेलं. आणि चिठ्ठी देवाबद्दल नाही, तांदळाबद्दल आहे, हेही मला कळलेलं. तीन वर्षं मी त्या माणसाशेजारी बसत होते, मला नाही कळणार? पण मॅनेजर बघत होता, महिनाअखेरीला माझं कन्फर्मेशन होतं, घरात नोकरी एकटीची माझी. मी बटण दाबलं, ट्रे बाहेर आला. त्याला हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता टाकल्या, दोन्ही हात जोडले. तेवढ्यात स्ट्रेचर आलं आणि मी ट्रे तसाच आत ढकलला. नंतर ओढणीने पुसला. गोल गोल.

दुसऱ्या दिवशी गर्दी होती. सीड्या मी लिहीत होते. मॅनेजर बोलला टिक काढ, मी काढली. पाच मिनिटांत एक, असा सपाटा लावला. आतून बारीक खर्र आवाज येत होता. मी रेडिओ लावला. संध्याकाळपर्यंत अकरा सीड्या दिल्या आणि खरं सांगते, मला फार कर्तबगार वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला फोन वाजला. खारीगावच्या मावशी. खारीगाव म्हणजे आमच्या कळव्यातलंच जुनं आगरी गाव, यांना मी बाजारात बघितलेलं. नवऱ्याच्या मणक्यात गाठ होती, पाय लुळे पडत चाललेले. मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात त्या दिवशी दाखवायचं होतं. स्कॅन बघून ऑपरेशनची तारीख मिळणार, नाहीतर दोन महिन्यांनी परत नंबर लावा. आमच्याकडे फिल्म देणं मॅनेजरने बंद केलेलं, म्हणजे त्यांच्या हातात होती ती फक्त माझी सीडी.

"बाय गो, यान कायच नाय बोलतान," मावशी सांगत होत्या. "डाक्टरनी दोन मशीनीवर लावली. एक वाजता ओपीडी बंद होल. आमचा नंबर जाल गो."

मी विचारलं, "मावशी, वीज आहे का?" आईशप्पथ. माझ्या तोंडून तेच निघालं.

काका नेमके तेव्हाच दारातून आत आले. ठाकुर्लीला घरीसुद्धा न जाता, नागपूरच्या गाडीतून उतरून थेट, खांद्याला पुस्तकांची पिशवी. माझा चेहरा बघून त्यांनी फोन हातात घेतला, ऐकलं, म्हणाले, "आपण तिथेच थांबा. मी येतो." फोन ठेवला. आत गेले. चिठ्ठी कंप्युटरवर तशीच होती, तिच्यावर कुंकवाचं बोट उमटलेलं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, पूजा आतून केली का?"

मॅनेजर त्यांच्या मागेच उभा होता.

"नाही काका," मी बोलले.

"बरं," काका म्हणाले.

बटण दाबलं तर ट्रे आला नाही. त्यांनी खिशातून पेपरक्लिप काढली, भोकात घातली, ट्रे हळूच ओढला. कडेला लाल रेघ होती. मागच्या फटीतून एक तांदूळ घरंगळत आला आणि त्यांच्या तळहातावर पडला. काकांनी तो खिडकीच्या कठड्यावर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी बघितलं असतं तर मी तिथल्या तिथे रडले असते आणि सगळं सांगून टाकलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय. खरं काय झालं असतं देव जाणे.

मग त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून स्वतःचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह काढला, मावशींच्या नवऱ्याची सीडी नव्याने लिहायला घेतली. पाच मिनिटांनी लिहून झाली. मला वाटलं आता पळतील. काका खुर्चीत बसून राहिले. वाचून बघत होते, पहिल्यापासून. घड्याळ पुढे सरकत होतं, मॅनेजर येरझारा घालत होता, आणि हा माणूस मांडीवर हात ठेवून एकेक चित्राची वाट बघतोय. त्या सहा मिनिटांत मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नाही. आता कळतं की तो त्यांचा नव्हता. मग सीडी आणि ड्राइव्ह डब्यात घालून ते गेले.

पुढचं मला मावशींनी बाजारात सांगितलं. काका साडेबाराला पोचले. डॉक्टरच्या त्या मशिनीही कुरकुर करत होत्या, तेव्हा काकांनी आपला ड्राइव्ह जोडायला घेतला. "आनि तुमचा म्हातारा त्या डाक्टरला इचारतं, लाईट हाय का?" मावशी हसून हसून खाली बसल्या. "डाक्टर बोलतं, आजोबा, मना काम करू द्या." चित्रं दिसली, तारीख मिळाली. मावशींचा नवरा आता काठी घेऊन खाडीपर्यंत जाऊन येतो.

उरलेल्या दहा जणांना काकांनी स्वतः फोन केले, सगळ्यांना नव्या तबकड्या दिल्या. पण त्याआधी दोघांनी आमच्याकडे पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांकडे तक्रार केलेली, आणि त्यांनी सेंटरच्या मालकांकडे, म्हणजे मोठ्या डॉक्टरांकडे. मोठ्या डॉक्टरांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं. अकरा रिकाम्या सीड्या बाहेर गेल्या कशा? जबाबदार कोण? मॅनेजरने छताकडे बघितलं. छतावर काही नव्हतं. मी टेबलाच्या कडेकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बोल, आता बोल. कडेचा सुटलेला सनमायका नखाने दाबत राहिले.

"यंत्र माझ्या ताब्यात असतं," काका म्हणाले.

"तुम्ही रजेवर होता."

"रजेवर जाताना ते कुलपात ठेवायला हवं होतं. मी चिठ्ठीवर भागवलं."

मोठ्या डॉक्टरांना कारण हवंच होतं. सीडी बंद करून मोबाइलवर लिंक पाठवायची हे त्यांच्या डोक्यात आधीपासून होतं, फक्त या म्हाताऱ्याचं काय करायचं हे सुचत नव्हतं. ते त्या दिवशी सुचलं. महिनाअखेरीला काका गेले. त्याच दिवशी मला कन्फर्मेशनचं पत्र मिळालं. काका जाताना काउंटरपाशी थांबले, माझं बॉलपेन ड्रॉवरमध्ये टाकलं, मार्कर ठेवला आणि म्हणाले, "येतो, ताई. अभिनंदन." मला माझीच किळस आली. दुपारी मॅनेजरने सगळ्यांना समोसे मागवले, तेही मी खाल्ले.

आता आमच्याकडे लिंक जाते. एकदम फास्ट. सात दिवसांनी ती मरते आणि आठव्या दिवशी फोन येतो, ताई, उघडत नाही. मी विचारते, नेट आहे का? रेंज आहे का? मेसेज कोणत्या फोनवर आलेला? पलीकडून शिव्या येतात. मी म्हणते, बरोबर आहे तुमचं. तर, नेट आहे का? मॅनेजर दुसऱ्या मोठ्या सेंटरला गेला, अर्थातच बढतीवर.

मागच्या महिन्यात काकांची खोली रिकामी केली, आता तिथे पाण्याचा कूलर येणार. कपाटातून लाल पाठीची वही निघाली. सेंटरची मालमत्ता म्हणून ठेवून गेले असणार, तो माणूस पेपरक्लिपसुद्धा विचारून न्यायचा. कूलरवाले थांबलेले आणि मी उभ्या उभ्या शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. दसऱ्यानंतरची तारीख. तक्रार, अकरा तबकड्या वाचता येत नाहीत. कारण, ट्रेमध्ये तांदूळ एक, कुंकू. आणि त्याखाली त्याच सुवाच्य अक्षरात, "पूजा आतून केली का? आठवत नाही म्हणाल्या."

कोण म्हणाल्या ते लिहिलेलं नव्हतं.

मी तिथे फिनेलच्या वासात बसून रडले. कूलरवाल्याला वाटलं कोणीतरी गेलं. मग मी बॉलपेन घेतलं, "आठवत नाही म्हणाल्या" यावर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, "आठवतं. मीच केली. टिकही मीच काढली. नाही म्हणाले ते खोटं."

रविवारी ठाकुर्लीला गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. काकांनी दार उघडलं. अंगात बनियन होती, तर मला बघून आधी आत जाऊन शर्ट घालून आले, खिशात पेपरक्लिप. "या ताई, बसा आपण." टेबलावर शेजाऱ्यांच्या लग्नांच्या जुन्या सीड्यांचा ढीग होता, त्या ते पेन ड्राइव्हवर उतरवून देतात. गॅलरीत एकही सीडी टांगलेली नव्हती आणि कठडाभर कबुतरं होती. मी यायच्या आधी वाक्यं पाठ केलेली. एकही आठवेना, आणि या वेळी ते खरं होतं. मी नुसती वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी चष्मा पुसला, मधून बाहेर. वाचलं. आतून कुकरची शिटी झाली. मग त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"खाडाखोड झाली की शेजारी सही करायची, ताई."

मी पर्समध्ये हात घातला. मार्कर नव्हता, बॉलपेन होतं. ते हातात धरून मी तशीच थांबले.

"चालेल," काका म्हणाले. "कागद आहे."

मी सही केली. जरा वाकडीच आली. काकांनी वही स्वतःकडे वळवून घेतली, मांडीवर ठेवली, आणि मी लिहिलेलं परत एकदा, पहिल्या शब्दापासून, सावकाश वाचून बघितलं.